वजन आणि पोटासाठी रानभाज्या: खायच्या कशा

पाऊस पडला की "टाकळा खा, आठवड्यात चरबी वितळवा" टाईप मेसेज फिरायला लागतात, तर आधीच सांगते, चरबीबिरबी काही वितळत नाही. लठ्ठपणावरचे बरेच प्रयोग उंदरांवर झालेत, तेही अर्क देऊन. आपला फायदा साधा आहे. शंभर ग्रॅम घोळीत जेमतेम 20 कॅलरी, पाणीच जास्त, त्यामुळे वाटीभर भाजी आधी खाल्ली की तिसरी पोळी आपोआप राहते. आणि पालेभाजीतला चोथा मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो, आतड्याच्या अस्तराला ताकद मिळते ती बरीचशी त्यातूनच.

सुरुवात घोळीपासून करा. जाडसर गुळगुळीत पानं, लालसर देठ, चव आंबूस. स्वतः खुडत असाल तर देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधी नावाचं तण असेल (दुधी भोपळा नव्हे), टाकून द्या. माती फार असते, तीन-चार पाण्यातून काढा. मग मूगडाळ घालून नाहीतर ताकातली पातळ भाजी करा. ताकातली जास्त बरी, कारण घोळीत ऑक्झलेट (मुतखड्याला कारण ठरणारा घटक) भरपूर आणि ताकातलं कॅल्शियम ते पोटातच बांधून ठेवतं. तरी मुतखडा होऊन गेलेल्यांनी घोळ नकोच, आणि रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तर कुठलीही पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरला विचारा.

टाकळा घ्यायचा तो कोवळा, फुलं यायच्या आधीचा. दिसतो मेथीसारखा, पण वास उग्र. कांदा-लसूण, हिरवी मिरची, घरात असतील तर फणसाच्या आठळ्या, झालं. टाकळा पोट साफ करतो हे खरंय, म्हणून पहिल्यांदा अर्धी वाटीच. मी पहिल्या वर्षी दोन वाट्या हाणल्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी! आणि वजनासाठी खाताय ना, मग वरून मूठ-मूठ ओलं खोबरं पेरू नका, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात त्यात. चमचाभर पुरे.

शेवळं (पावसाळ्याच्या तोंडावर येणारे सुरणाच्या जातीचे रानटी कोंब) मात्र नवख्याने एकट्याने करू नयेत, घसा असा खाजतो की विचारू नका. खाज मारायला विकणाऱ्या मावशींकडूनच काकडं (शेवळांत घालायची आंबट रानफळं) मागून घ्या, ती नसतील तर चिंच नाहीतर कोकम, आणि नीट शिजवायची कशी तेही तिथेच विचारून घ्या.