घरासाठी पेट्रोल-गॅस जनरेटर घेताय? या चुका टाळा, म्हणजे ऐन पावसात मला फोन येणार नाही

मे महिना लागला की आमच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना जनरेटर घ्यायचाय आणि "बजेट एवढं, मॉडेल सांगा" यापलीकडे काही ऐकायचं नसतं. दुसरी, ज्यांनी गेल्या मे महिन्यात असंच घेतलं आणि आता टेम्पोत घालून माझ्याकडे आणलंय. बऱ्याचदा ती तीच माणसं असतात.

आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवीन तार भरायचं दुकान, दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि पोल काड्यांसारखे मोडले, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. तेव्हा पेट्रोलसाठी कॅन घेऊन रांगा लावल्या लोकांनी, आणि तेव्हापासून हे ड्युअल फ्युएलचं खूळ आलंय, म्हणजे पेट्रोल संपलं तर गॅसवर चालवू. कल्पना चांगली आहे, माझ्या घरी पण तसाच आहे. पण लोकांना वाटतं दोन इंधनं म्हणजे डबल ताकद. इंजिन एकच असतं हो, फक्त आत जायचे रस्ते दोन, आणि दोन्ही रस्ते झाडून ठेवावे लागतात.

पाटीवरचा आकडा बघून घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या नात्यातले एक तात्या आहेत. निसर्गमध्ये विहिरीवर लाइट नाही म्हणून पंधरा-वीस दिवस कळशीने पाणी ओढलं, कंबर धरली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हट्टाने जनरेटर घेतला, मला न विचारता, चिपळूणला जाऊन. पाटीवर ठळक ३ केव्हीए. दुकानदाराने पेट्रोलवर चालू करून दोन हॅलोजन लावून दाखवले, झकास. तात्या खुश. मे महिन्यात तौक्ते आलं, लाइट गेली, तात्यांनी जनरेटर काढला, पेट्रोल वाचवायचं म्हणून गॅसवर टाकला आणि विहिरीवरचा दीड एचपीचा पंप चालू केला. पंप नुसता 'हंऽऽऽ' करून घुमला, इंजिनाचा आवाज खोल गेला आणि सगळं बंद. परत दोरी ओढली, परत पंप, परत बंद. असं पाच-सहा वेळा. शेवटी पंपाचा कपॅसिटर फुगला आणि तात्यांनी मला फोन केला की तुमच्या कंपन्या चोर आहेत. माझ्या कंपन्या!

आता हिशोब बघा. ३ केव्हीए हा आकडा बहुतेक वेळा मॅक्सिमम असतो, म्हणजे थोडा वेळ ओढेल तो. सतत चालायचा रेटेड आकडा खाली बारीक अक्षरात असतो. त्यात पॉवर फॅक्टर (म्हणजे केव्हीएतला खरोखर कामाला येणारा हिस्सा) ०.८ लिहिला असेल तर ३ केव्हीएचे झाले २.४ किलोवॅट. गॅसवर साधारण दहा टक्के ताकद अजून कमी. म्हणजे हातात राहिले २.१-२.२. इकडे दीड एचपीचा पंप चालताना दीड-पावणेदोन किलोवॅट खातो, तोपर्यंत ठीक, पण सुरू होताना मोटर तीन-चारपट करंट मागते, कधी जास्तच. २३० व्होल्टला ३ केव्हीए म्हणजे १३ अँपिअर, आणि पंपाला त्या क्षणाला पाहिजेत तीसच्या आसपास. कुठून आणणार?

म्हणून माझी सवय अशी की गिऱ्हाइकाला आधी विचारतो, तुमच्या घरातली सगळ्यात हट्टी वस्तू कुठली? पंखे, एलईडी, टीव्ही यांचं काही नाही, सगळे मिळून चारशे-पाचशे वॅट. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे वॅट पण सुरू होताना दणका देतो. पंप सगळ्यांचा बाप. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, घेऊन जातो, बोर्डाच्या लाइटवर पंप चालू करायला लावतो आणि सुरू होतानाचा करंट बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे कोणाला नको असतं, सगळ्यांना मोबाइलवर लिंक पाठवायची असते आणि "हे चालेल का?" एवढंच विचारायचं असतं.

तात्यांना मी मोठा जनरेटर नाही घ्यायला लावला. विहिरीवर अर्धा एचपीचा छोटा मोनोब्लॉक पंप बसवला, वादळापुरता. टाकी भरायला वेळ लागतो, लागू दे. पंप चालू असताना फ्रिज बंद, आणि कधी मधेच बंद पडलं तर फ्रिज लगेच लावायचा नाही, तीन-चार मिनिटं थांबायचं, नाहीतर कॉम्प्रेसर प्रेशरवर अडकतो.

जाता जाता, विकत घेताना विचारा की वाइंडिंग तांब्याचं की अल्युमिनियमचं. उचलून बघा. त्याच आकड्याचा जनरेटर स्वस्त आणि हलका असेल तर दुकानदाराला तुमच्यावर प्रेम आलंय म्हणून नाही. पुढे रिवाइंडिंगला मीच असतो, मला काय, माझा धंदा आहे.

दोन्हीकडे पिन असलेली वायर

दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या पॉवर पॉइंटमध्ये उलटं घालायचं आणि अख्खं घर पेटवायचं. ही वायर बनवून द्या म्हणून दर पावसाळ्यात चार जण येतात. मी देत नाही. मग ते तोंड वाकडं करून जातात आणि घरी स्वतः बनवतात.

निसर्गनंतर दहा-बारा दिवसांनी एका वाडीत मी बोर्डाच्या वायरमन लोकांबरोबर होतो, माणसं कमी होती म्हणून आम्ही खासगी वायरमन पण मदतीला जायचो. ट्रान्सफॉर्मरवरून सप्लाय बंद, डीपी (ट्रान्सफॉर्मरजवळची फ्यूजची पेटी) उघडी, फ्यूज काढून खाली ठेवलेले, लाइन जागोजागी तुटलेली. त्यातला वयस्कर वायरमन पोलवर चढला आणि तुटक्या तारेला हात लावायच्या आधी त्याने टेस्टर लावला, निव्वळ सवयीने. टेस्टर पेटला. तो वरून काहीच बोलला नाही, नुसता हात वर करून आम्हाला मागे सरकायची खूण केली. मग खाली उतरला, विडी पेटवली आणि म्हणाला, "ऐका." आम्ही सगळे गप्प. लांबून, आंब्याच्या बागेपलीकडून, फटफट आवाज येत होता. पायवाटेने आवाजाच्या मागे गेलो तर एका घरात पंखे फिरतायत, टीव्ही चालू, आणि ओट्यावर ती वायर. मेन स्विच बंद करायला विसरले होते.

काही जण म्हणतात की एवढ्याशा जनरेटरने लाइनवर काय होणार, शेजारच्या घरांचा लोड पडला की बंद पडेल. पडेल ना, लाइन धड असेल तर. पण वादळानंतर लाइन मधेच तुटलेली असते, म्हणजे लोड फक्त तुमच्या घराचा आणि पुढे नुसती लोंबकळती तार, २३० व्होल्ट घेऊन. आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत लाइन शाबूत असली तर तो उलटा चालतो, आत आलेले २३० पलीकडे ११ हजारांच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. आणि बोर्डाची लाइट अचानक आली तर? तुमचा अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरमधला वीज बनवणारा भाग, जळतो. तसले दोन मी स्वतः खोललेत, आतलं वार्निश कोळशासारखं होतं आणि वास आठ दिवस दुकानातून जात नाही.

चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घर एका वेळी बोर्डाला नाहीतर जनरेटरला, दोन्हीला एकदम नाही. डबल पोल. फेजबरोबर न्यूट्रल पण तुटला पाहिजे, फक्त फेज तोडणारा नको. लायसनवाल्या माणसाकडून बसवा. एवढा खर्च जड वाटत असेल तर एक्स्टेंशन बोर्ड काढा आणि फ्रिज, पंखा थेट त्यावर लावा. वायर जाड घ्या, अडीच स्क्वेअर एमएम, आणि लांब जायची असेल तर चार. डेकोरेशनची बारीक वायर घरात आणून वर मला विचारू नका की व्होल्टेज का पडतंय.

पडवीत जनरेटर

पाऊस आहे म्हणून पडवीत ठेवतात, दार लावून घेतात, धूर बाहेर जातोय ना म्हणतात. जो दिसतो तो धूर मारत नाही, जो दिसत नाही आणि ज्याला वास नाही तो कार्बन मोनॉक्साइड मारतो. आणि गॅसवर चालवला की धूर स्वच्छ असतो हे अर्धवट ज्ञान, गॅसवर पण मोनॉक्साइड निघतोच. डोकं जड झालं, मळमळलं की आपल्याकडे म्हणतात पित्त झालं, आणि झोपून टाकतात. तिथेच संपतं. माझा जनरेटर घरापासून वीस-पंचवीस फुटांवर, वर पत्रा, तीन बाजू उघड्या, सायलेन्सरचं तोंड ईशान्येला, कारण पावसाळ्यात आपला वारा नैऋत्येकडून येतो. फ्लॅटवाल्यांनी बाल्कनीत चालवायचा विचार पण करू नका, इन्व्हर्टर घ्या आणि गप बसा.

गॅसचं

स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर यासाठी वापरायची परवानगी नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्या. एक किलोवॅटच्या आसपास लोड असेल तर तासाला अर्धा किलोच्या वर गॅस जातो, म्हणजे १९ किलोत तीस तासांच्या आसपास धरा. वादळानंतरचा अंधार महिनाभर चालतो, तुम्ही बघा.

५ किलोचा छोटा सिलेंडर लावून फुल लोड टाकणारे पण भेटलेत. गॅस आत द्रवरूप असतो, त्याची वाफ होताना तो सिलेंडरची उष्णता खेचतो. छोट्या सिलेंडरला तेवढं अंग नसतं, मग बाहेरून दव, मग बर्फ, प्रेशर पडतं आणि इंजिन हंटिंग करायला लागतं, वर-खाली, वर-खाली. एकाने त्यावर उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्याने आडवा केला, म्हणजे द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये. दोघंही जिवंत आहेत, त्यांच्या आईबापांची पुण्याई.

लोकल कन्व्हर्जन किट लावू नका. कंपनीच्या मशीनमध्ये डिमांड रेग्युलेटर असतो, इंजिन थांबलं की ओढ थांबते आणि गॅस बंद. जुगाडात हाताचा कॉक असतो, इंजिन थांबलं तरी गॅस येतच राहतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि मग कोणीतरी बघायला लायटर घेऊन येतो.

अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून हिशोब करू नका. त्यांचं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, गॅस जवळजवळ निव्वळ प्रोपेन, सिलेंडरची तोंडं वेगळी. आपल्याकडे प्रोपेन-ब्युटेनचं मिक्स.

बाकी किरकोळ, पण रोज येणारं

नवीन मशीनमध्ये बहुतेक वेळा ऑइल नसतं. ऑइल कमी असलं की सेन्सर स्पार्कच देत नाही. एक जण पन्नास वेळा दोरी ओढून खांदा धरून आला होता. उतारावर ठेवला तरी सेन्सर फसतो. पहिलं ऑइल वीस तासांनी बदला, शंभर तासांनी नाही.

गॅसवर पहिल्यांदा चालू करताना पाइपात हवा असते, चार-पाच ओढी जास्त लागतात. लगेच मेकॅनिकला फोन नको.

घरचा इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज होत नाही? मागचा स्विच यूपीएस मोडवरून नॉर्मलवर करा. नव्वद टक्के वेळा एवढंच असतं, आणि मला त्यासाठी गाडी काढून यावं लागतं.

इन्व्हर्टर टाइपचा जनरेटर शांत असतो, पेट्रोल कमी पितो, पण त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की माझ्या हातात काही नाही. खेडेगावात मी साधा एव्हीआरवालाच (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असलेला) घ्यायला सांगतो.

वर्षभर झाकून ठेवणं

गणपतीत चाकरमानी आले, घरात चाळीस माणसं, आरतीच्या वेळेला लाइट गेली, जनरेटर काढला, चालू होत नाही. मला रात्री साडेनऊला नेलं. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला हिरवट चिकट साका आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल आत जायचं बारीक भोक, बुजलेलं. गेल्या गणपतीचं पेट्रोल, त्यात २० टक्के इथेनॉल, इथेनॉल ओल धरतं, आणि आपल्याकडे ओल कमी आहे का! कार्बोरेटर मी उंबऱ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात साफ केला, पलीकडे समईवर आरती चालू.

पेट्रोलवर चालवून बंद करताना स्विचने बंद करू नका, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि त्याला आपोआप मरू द्या, म्हणजे वाटी कोरडी होते. पेट्रोलवरून गॅसवर जाताना पण हेच, वाटीत पेट्रोल असताना गॅस सोडला की काळा धूर आणि भकभक.

दर संकष्टीला मी जनरेटर वीस मिनिटं गॅसवर चालवतो, लोड लावून, नुसता रिकामा नाही. पाइपाच्या जोडांना साबणाचं पाणी लावतो, बुडबुडे येतात का बघतो, उंदरांनी पाइप कुरतडलाय का बघतो. बंद करताना सिलेंडरचा वॉल्व्ह फिरवतो, पाइपातला गॅस संपला की तो स्वतःच थांबतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा ताजं अर्धा लिटर पेट्रोल घालून तो रस्ता पण चालू ठेवतो.

तात्यांना पण तीच सवय लावली. ते संकष्टीला जनरेटर चालू करतात आणि मला फोन लावून मोबाइल इंजिनाजवळ धरतात, ऐक म्हणतात. गेल्या खेपेला आवाज हुंदके दिल्यासारखा येत होता. एअर फिल्टर काढायला सांगितला, आत कुंभारमाशीने घर बांधलं होतं.