व्यवसाय-नीतीवर फोकस ग्रुप घेताय? या चुका टाळा

एमबीएच्या प्रबंधासाठी व्यवसाय-नीतीवर, म्हणजे धंद्यातल्या बरोबर-चुकीवर, फोकस ग्रुप (काही जणांना एकत्र बसवून एका विषयावर बोलतं करणं) घ्यायचा ठरला की मुलं आधी कारखान्याच्या एचआरला फोन लावतात. अभ्यास बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

बेळगाव जिल्ह्यातला कोणताही साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. एचआर आठ माणसं निवडून देतो, मीटिंगची खोली उघडून देतो, वर चहाही पाठवतो. आठांत एक शिफ्ट सुपरवायझर, एक कारकून आणि बाकीचे हंगामी कामगार. विषय वजनकाट्यावरच्या नोंदींचा. सुपरवायझर पहिलं वाक्य टाकतो, ‘आमच्याकडं सगळं नियमानं चालतंय.’ पुढचा सव्वा तास बाकीचे तेच वाक्य फिरवून फिरवून म्हणतात. पुढच्या गाळपाला आपल्याला बोलावणं येणार की नाही, हे त्या सुपरवायझरच्या शब्दावर ठरतं, हे त्यांना ठाऊक असतं. अहवालात जातं, ‘कर्मचाऱ्यांत एकमत आढळले.’ भीतीला एकमत म्हणून छापणं हा त्या कामगारांवर अन्याय आहे.

म्हणून कोण कुणाचं नुकसान करू शकतो, हे बघूनच गट पाडावेत. कायम कामगार वेगळे, हंगामी वेगळे, सुपरवायझर वेगळे, ऊस घालणारे शेतकरी वेगळे. या विषयाला गटात ६ ते ८ माणसं पुरतात. प्रत्येक प्रकारचे निदान ३ गट घ्यावेत आणि तिसऱ्यातही नवं काही निघालं तर चौथा घ्यावा. बोलावण्याआधी प्रत्येकाला एकट्याला विचारावं, ‘यातल्या कुणाच्या हाताखाली काम करता का? कुणाचं देणं आहे का?’ उचल दिलेला मुकादम आणि उचल घेतलेला तोडकरी एका सतरंजीवर बसले की चर्चा संपलीच. जागा कारखान्याबाहेरची हवी. रविवारी रिकामा असलेला शाळेचा वर्ग उत्तम.

दुसरी चूक थेट प्रश्नाची. ‘तुम्ही कधी लाच दिली आहे का?’ असं चारचौघांत विचारल्यावर ‘हो’ कोण म्हणेल? त्याऐवजी तिसऱ्याच माणसाचा प्रसंग द्यावा, ४-५ वाक्यांचा, त्यांच्याच कामातला. निपाणीच्या बिडी कामगार बायकांसाठी असा: ‘एका बाईनं हजार बिड्या वळून दिल्या. तपासणाऱ्यानं त्यातल्या शंभर छाट म्हणून बाजूला काढल्या, त्यांचे पैसे कापले आणि बिड्याही ठेवून घेतल्या. बाईला घरी पोरांची फी भरायची आहे. तिनं काय करावं?’ यावर बायका भांडतात, एकमेकींना खोडतात. कुठवर सोसायचं आणि कुठं बोलायचं याचा हिशेब त्या भांडणात उघडा पडतो, आणि तोच तुमचा डेटा. प्रसंगात ‘अन्यायानं’, ‘फसवून’ असे शब्द मात्र आधीच पेरू नयेत, नाहीतर निकाल तुम्हीच दिलेला असतो. ९० मिनिटांत असे २ प्रसंग आणि ४-५ प्रश्न होतात. वीस प्रश्नांची यादी घेऊन बसणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या हाती मग वीस गुळगुळीत उत्तरं येतात.

भाषेकडे तर कुणी बघतच नाही. ‘नैतिकता’ म्हटलं की आपल्याकडे माणसाचं चारित्र्य डोळ्यांसमोर येतं, धंद्यातला व्यवहार येत नाही. ‘हे बरोबर हाय काय?’ एवढंच विचारावं. हुक्केरी-गोकाककडचा माणूस कन्नडमध्ये ‘तप्पु’ म्हणतो तेव्हा त्यात नजरचूकही असते आणि अपराधही. सरसकट ‘चूक’ लिहून टाकलं की मुद्दाच मेला. कोणता अर्थ, हे तिथल्या तिथं विचारून घ्यावं. बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत उतरवावं आणि अहवालात येणारी वाक्यंच फक्त भाषांतरित करावीत.

‘सगळं गुप्त राहील’ असं वचन देऊ नका. तुम्ही फक्त स्वतःची हमी देऊ शकता, उरलेल्या सात जणांची नाही. हे सुरुवातीलाच सांगावं, आणि कुणी स्वतःची हकिगत सांगू लागलं तर हळूच प्रसंगाकडे वळवावं. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर चर्चा थांबवा, त्या बाईला नंतर एकटीला भेटा. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता खिशात ठेवूनच गटाला बसावं.

टक्केवारी काढू नका. ८ पैकी ५ म्हणजे ६२.५ टक्के कामगार नव्हेत.

प्लेसमेंटच्या जीडीसारखे (नोकरीच्या निवडीतल्या गटचर्चेसारखे) गुण देऊ नका, कुणाच्या बोलण्यावर ‘अगदी बरोबर’ म्हणू नका.

रेकॉर्डर दोन ठेवा. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं कोण बोललं आणि पहिले दोन शब्द काय, एवढं टिपावं. नाहीतर सहा आवाज ओळखण्यात दिवस जातो. ९० मिनिटांचं बोलणं नीट उतरवायला तसाही अख्खा दिवस लागतो, ज्यांना तो जड वाटतो त्यांनी गटांचे प्रकार कमी करावेत.

आणि मोबदला चर्चा सुरू होण्याआधी हातात द्या. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईची दोन तासांची मजुरी बुडते, तेवढे पैसे तरी हवेतच. शेवटी दिले, तर पाकिटाकडे बघून उत्तरं येतात.