औषधाची रिकामी बाटली आणि फुटलेला सीएफएल

खानापूर-निपाणी भागात शेती आणि संसार एकाच छपराखाली असल्याने फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली परड्यात पडून राहते आणि पुढे तिच्यात चक्क फिनेल भरले जाते, हे सर्वांत घातक आहे. मिश्रण करतानाच बाटली तीन वेळा विसळून ते पाणी ओढ्यात न ओतता पंपातच घालावे, बुडाला भोक पाडावे आणि मगच ती वेगळी ठेवावी. सीएफएल दिव्यामध्ये पारा असतो. दिवा फुटल्यास खिडक्या उघडून, केरसुणी न लावता, तुकडे जाड कागदाने उचलून बरणीत बंद करावेत. घनकचरा नियमांनुसार असा कचरा ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळाच द्यावा लागतो. औषध मात्र लागेल तेवढ्याच मापाचे आणावे.