मॅनिफोल्ड दुसऱ्या इंजिनला बसवताय? या चुका टाळा

एका इंजिनचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा नळ्यांचा संच, दुसऱ्या इंजिनला बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा वेल्डिंगभोवती फिरते. टिग मशीन कुठून आणायचं, ॲल्युमिनियम कोणाला जमतं, वगैरे. पण मी पाहिलेल्या फसलेल्या मॅनिफोल्डपैकी बहुतेक वेल्डिंगच्या आधीच, मापं घेताना फसले होते. उरलेले वेल्डिंग संपल्यावरच्या घाईत बिघडले. सिलिंडर हेडला टेकणारी जाड पट्टी, म्हणजे फ्लँज, सपाट आणि जागच्या जागी असेल तर बाकीच्या बऱ्याच उणिवा इंजिन सांभाळून घेतं. तिथे बाक असेल, तर वरचा प्लेनम, म्हणजे हवेची सामाईक पेटी, कितीही सुबक असू द्या, इंजिन त्या फटीतून बाहेरची हवा ओढतच राहणार.

गॅस्केटवरून साचा काढणे

ही सर्वांत जास्त होणारी चूक. नवीन गॅस्केट (हेड आणि फ्लँजमध्ये घालायचा पातळ थर) आणायचं, पत्र्यावर ठेवायचं, पेन्सिलीने रेघ मारायची आणि कापायला घ्यायचं. पण गॅस्केटमधली बोल्टची छिद्रं मुद्दाम सैल ठेवलेली असतात आणि पोर्टची, म्हणजे हेडमध्ये हवा जायच्या वाटांची, भोकंही प्रत्यक्ष पोर्टपेक्षा थोडी मोठी असतात. असं गॅस्केट एक-दीड मिलिमीटर सरकलं तरी हाताला कळत नाही. मग त्या मापाची फ्लँज हेडवर जाते, पण पोर्टची तोंडं जुळत नाहीत.

माप हेडवरूनच घ्या. स्टड काढा, त्याच आट्यांत बसणारे टोकदार ग्रब स्क्रू टोक बाहेर ठेवून फिरवा आणि टोकं जेमतेम दोन मिलिमीटर वर राहू द्या. त्यावर जाड पुठ्ठा किंवा प्लायवूड ठेवून हलक्या हाताने ठोका. प्रत्येक छिद्राचं केंद्र टिंबासारखं उमटतं. पोर्टच्या कडांना निळा रंग लावून त्याच पुठ्ठ्यावर छाप घ्या. सगळे पोर्ट सारख्या अंतरावर असतील असं गृहीत धरू नका. कित्येक हेडमध्ये ते जोडीजोडीने असतात, कधी मधलं अंतर वेगळं असतं.

पोर्ट जुळवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित लहान असलेलं चालतं, मोठं अजिबात नको. मोठं असलं की आत येणारी हवा हेडच्या उघड्या कडेवर आपटते. गॅस्केटची कडही आत डोकावता कामा नये.

पाना बसतो का ते न पाहणे

फ्लँजवर रनरचे, म्हणजे प्लेनमपासून पोर्टकडे जाणाऱ्या नळ्यांचे, तुकडे नुसते टेकवून सगळं एकदा गाडीतच बसवून पाहा, इंजिन जागेवर असताना. प्रत्येक नटावर पाना जातो का, तो किती अंश फिरतो, हे आत्ताच बघा. रनरचा बाक दोन सेंटिमीटर खाली आला आणि मधला नट त्याच्या पोटाखाली गेला, तर तो नट नंतर कधीच नीट आवळला जात नाही आणि गळती नेमकी तिथून सुरू होते. बॉनेटखालची जागाही तपासा. प्लेनमवर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करा आणि उघडून मातीची जाडी मोजा. रेस दिल्यावर इंजिन माउंटिंगवर डोलतं, म्हणून मी निदान 25 मिलिमीटर जागा सोडतो.

मळकट कास्टिंगवर वेल्डिंग

जुना ओतीव मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तेलाची वाफ पीत आलेला असतो. वरून चकचकीत केला तरी आर्क लागताच तेल बाहेर उकळतं आणि वेल्डच्या टाक्यात बुडबुडे राहतात. आधी डिग्रीसरने धुवा, भट्टीत साधारण 150 अंश सेल्सिअसला तासभर तापवा (स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको), मग ॲसिटोनने पुसा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासा. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशाला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही पुढे. तो थर काढला नाही तर खालचा धातू वितळून खाली बसतो आणि वरची साय तशीच राहते. कास्टिंगसाठी 4043 या मिश्रधातूची फिलर रॉड (जोडात वितळवून भरायची कांडी) सहसा चांगली चालते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून वेल्डिंग कधीही करू नका. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने त्याचं फॉस्जीन होतं, हा अत्यंत विषारी वायू आहे. डब्यावरचे घटक वाचा. शंका असेल तर तो डबा वेल्डिंगच्या खोलीतच आणू नका.

गरम असतानाच बोल्ट सोडणे

मी केलेला पहिला मॅनिफोल्ड इथेच गेला. फ्लँज 10 मिलिमीटरची होती, ती जाड लोखंडी पाटाला व्यवस्थित आवळलेली होती, टाकेही चांगले पडले होते. कसं झालंय ते बघण्याच्या उत्सुकतेने मी ती गरम असतानाच बोल्ट काढले. थंड झाल्यावर सरळपट्टी ठेवून मागे टॉर्च धरला, तर दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्यावर प्रकाशाची बारीक फट. फीलर गेजचं 0.4 मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं.

फ्लँज निदान 20 मिलिमीटर जाडीच्या पाटाला किंवा भंगारातल्या जुन्या हेडला बांधा, चांगलं हेड यासाठी वापरू नका. आधी सगळीकडे छोटे टाके मारा, मग पहिला रनर, चौथा, दुसरा, तिसरा असं उडी मारत जा. संपल्यावर हात टेकवता येईपर्यंत थांबा. एक रात्र गेली तरी चालेल.

एवढं करूनही थोडा बाक येतोच. 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर मिलिंग मशीनवर तोंड साफ करून घ्या. फट कमी असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, इंग्रजी आठच्या आकड्यात घासत जा. मार्करने आधी रेघा मारून ठेवल्या तर कुठलं घासलं जातंय ते दिसतं. दोन गॅस्केट एकावर एक टाकू नका. वाकलेली फ्लँज बोल्टच्या जोरावर सरळ करायलाही जाऊ नका, आवळताना सगळा ताण वेल्डवर येतो आणि काही दिवसांनी तिथेच तडा जातो. सिलिकॉनने फट बुजवणं तर पेट्रोल लागतं तिथे टिकतच नाही. ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे सिलिंडरकडे ओढले जातात.

हेड बिडाचं (कास्ट आयर्नचं) असेल तर बोल्टची छिद्रं थोडी सैल ठेवा, 8 मिलिमीटरच्या स्टडला 9 चं छिद्र. 400 मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची फ्लँज 80 अंश तापली की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. बीड त्याच्या निम्म्यानेच वाढतं.

आत राहिलेला चुरा

कानस, ड्रिल, ग्राइंडर यांचा चुरा रनरच्या वळणात अडकतो आणि पहिल्याच स्टार्टला व्हॉल्व्हवाटे आत जातो. साबणाच्या गरम पाण्याने आणि लांब ब्रशने धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा. बीड ब्लास्टिंग केलं असेल तर काचेचे दाणे कोपऱ्यांत घट्ट बसतात, तेव्हा तीनदा धुवा. शेवटी पांढरं फडकं आतून ओढा. त्यावर एकही चकाकता कण दिसता कामा नये.

ब्रेक, थ्रॉटल, इंजेक्टर

ब्रेक बूस्टरची (मॅनिफोल्डमधल्या ओढीने ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाची) नळी एखाद्या रनरला जोडू नका, प्लेनमलाच जोडा, आणि तिचा एकदिशा व्हॉल्व्ह जुन्या गाडीत राहून जाऊ देऊ नका. मॅप सेन्सरचं (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) कनेक्शनही प्लेनमवरूनच घ्या. थ्रॉटलची केबल तिरकी ओढली गेली तर बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधला फिरता पडदा, उघडा अडकू शकतो. म्हणून इंजिन बंद असताना पेडल पूर्ण दाबून सोडा आणि तो टचकन मिटतो का ते पाहा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवूनही पाहा. फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) तिच्या स्वतःच्या ब्रॅकेटवर घट्ट हवी. इंजेक्टरनेच रेल पेलायची वेळ आली की ओ-रिंग डळमळते आणि 3 बारच्या आसपास दाबाचं पेट्रोल गरम इंजिनवर गळतं. इंजेक्टरच्या बुंध्याला इपॉक्सी लावून काम भागवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

बसवल्यावर काय बिनसलंय?

आयडलिंग जास्त आहे, रेस आपोआप वर-खाली होतेय, तर इंजिन कुठल्यातरी फटीतून हवा घेतंय असं समजून सुरुवात करा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर इंधनात करत असलेली वाढ) आयडलला दहा टक्क्यांहून वर आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर संशय जवळजवळ पक्का. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची सवय सोडा, त्याने आग लागते. इंजिन बंद करून थ्रॉटलचं तोंड झाका, 0.2 बारच्या आसपास हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. स्मोक मशीन मिळालं तर उत्तमच, धूर बरोबर गळक्या नटाशेजारून येताना दिसतो.

थंड इंजिन ठीक आणि गरम झाल्यावर बिघाड, तर फ्लँज तापून हलतेय. एकाच सिलिंडरचा स्पार्क प्लग पांढरा पडतोय, तर त्याच रनरचा वेल्ड किंवा गॅस्केट बघा, पण त्या इंजेक्टरचा फवाराही तपासून घ्या. ब्रेकचं पेडल घट्ट लागत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

पहिल्या दोन-तीन तापण्या-निवण्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, नट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा टॉर्कवर तपासा. प्लेनम लांब आणि जड असेल तर त्याच्या टोकाखाली ब्लॉकपर्यंत एक आधार द्या. नाहीतर सगळं वजन कंपनासकट चार वेल्डवर लटकतं, आणि तडा नेहमी रनर जिथे फ्लँजला मिळतो तिथे, खालच्या बाजूला पडतो. आरसा आणि टॉर्च घेऊन पहिली नजर तिथेच टाका.