मुंबईतल्या गाडीचे टायर कधी बदलावेत आणि नवे कसे निवडावेत

मुंबईत गाडी असलेल्या पुष्कळ घरांत ती रोज बाहेर निघत नाही. कामावर जायला लोकल बरी पडते, जिथे जायचे तिथे पार्किंग मिळेल याची खात्री नसते, म्हणून गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी राहते आणि रविवारी, लग्नकार्याला किंवा गणपतीत कोकणात जाताना बाहेर पडते. अशा गाडीचे टायर बदलायला हवेत असे कोणी सांगितले, की मालक लगेच म्हणतो, ‘अजून तीस हजार किलोमीटरसुद्धा झालेले नाहीत!’ परंतु या शहरात टायर झिजण्याआधीच त्याचे वय संपते, आणि ते वय किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

हे मला स्वतःच्या गाडीने शिकवले. टायर सात वर्षांचे होते, गाडी सव्वीस हजार किलोमीटर चाललेली होती आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा अजून भरपूर खोल होत्या. मे महिन्यातल्या एका दुपारी नाशिकला जाताना शहापूरच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. वेग कमी होता म्हणून कोणालाही इजा झाली नाही. चाक उतरवल्यावर टायरच्या आतल्या बाजूला, जी मी तोपर्यंत कधी वाकून पाहिलीच नव्हती, रिमच्या कडेने अर्धा गोल फिरलेली लांबच लांब भेग दिसली.

सुरुवात तारखेपासून करावी

टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘2319’ असे लिहिलेले असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आत वळलेली असू शकते. तसे असल्यास पुढची चाके पूर्ण वळवून, मागच्या चाकांसाठी जमिनीवर गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून पाहावे. आकडे चाकाच्या खालच्या भागात आले असतील, तर गाडी अर्धा फेरा पुढे घ्यावी. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात. गाडी जुनी विकत घेतलेली असेल, तर पाच टायरांची पाच वेगवेगळी वर्षे निघणेही शक्य आहे.

मोठ्या टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षे झाल्यावर, दिसायला कितीही चांगले असले तरी, ते काढून टाकावेत. माझ्या मते उघड्यावर, उन्हात उभ्या राहणाऱ्या मुंबईतल्या गाडीसाठी दहा वर्षे हा फार सैल हिशेब आहे. सहावे वर्ष लागले की नव्या टायरांसाठी पैसे बाजूला ठेवायला सुरुवात करावी आणि सात वर्षांच्या पुढे त्या टायरांवर लांबचा प्रवास करू नये.

उभ्या गाडीचे टायर का खराब होतात, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेतला ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे रबर कडक होत जाते. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि काही रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो आणि सुटतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्महिने जागची हललीच नाही, तर हे संरक्षण पृष्ठभागावर पुरेसे पोहोचत नाही. त्यातच हवा कमी झालेली असेल, तर सगळे वजन टायरच्या एकाच भागावर पडून राहते.

मग खाचा, भेगा आणि फुगे पाहावेत

कायद्याप्रमाणे कारच्या टायरवरील खाच निदान 1.6 मिलिमीटर खोल असली पाहिजे. नव्या टायरची खाच साधारण सात ते आठ मिलिमीटर असते. मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ (TWI, म्हणजे झीज दाखवणारी खूण) ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. टायरचा पृष्ठभाग झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे टायर संपला. खोली मोजण्याचे साधे मापक स्वस्तात मिळते आणि ते घरात असावे.

मात्र 1.6 ही कायद्याची शेवटची पायरी आहे, तिथपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. खाचांचे मुख्य काम टायरखालचे पाणी बाहेर फेकणे हे आहे. खाच उथळ झाली, की पाणी निघून जायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि त्या क्षणी ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. पूर्वी शहरातली गाडी सिग्नल ते सिग्नल रांगत असे. आता अटल सेतूवर आणि कोस्टल रोडवर तीच गाडी भर पावसात बराच वेळ सलग वेगाने धावते. म्हणून मे महिन्यात खाच मोजावी आणि ती तीन मिलिमीटरच्या खाली असेल, तर जूनच्या पहिल्या सरीआधी टायर बदलावेत.

झीज कुठे झाली आहे हेही नीट पाहावे. दोन्ही कडा घासलेल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली, मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त भरली गेली, आणि एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडले आहे असे समजावे. कारण दूर न करता नवे टायर घातले, तर तेही तसेच घासतील.

भेगा शोधण्याआधी टायर साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण काळी चकाकी आणणाऱ्या पॉलिशखाली बारीक भेगा लपतात. रिमजवळची कड आणि खाचांचे तळ बोटाने चाचपावेत. केसासारख्या वरवरच्या रेषा आल्या म्हणून लगेच घाबरू नये, पण नख अडकावे इतकी भेग असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर तो टायर त्याच दिवशी काढावा. साइडवॉलवर आलेल्या फुग्याचेही तसेच आहे. खड्ड्यात चाक जोरात आदळल्यावर आतले दोर तुटतात आणि तिथे हवा रबराला बाहेर ढकलते. याला कोणतीही दुरुस्ती नाही. पंक्चर जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तरच काढून घ्यावे, साइडवॉलचे नाही.

साइझ वाचून घ्यावा

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत टायरचा साइझ आणि हवेचा दाब दिलेला असतो. समजा, तिथे 185/65 आर15 88एच असे आहे. 185 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 65 टक्के, आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, आणि 15 हा रिमचा इंचातला व्यास. 88 हा भाराचा क्रमांक, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो. आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर याच साइझचा घ्यावा आणि शेवटचा अंक व अक्षर यांपेक्षा कमी दर्जाचे काही घेऊ नये. दिसायला छान म्हणून रुंद टायर घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यामुळे स्टिअरिंग जड होते, मायलेज घटते, टायर मडगार्डला घासू शकतो आणि व्यास बदलला तर स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो.

दुकानात

कोणत्या कंपनीचा टायर घ्यावा, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. एमआरएफ, अपोलो, जेके, आपल्या भांडुपला कारखाना असलेली सिएट, ब्रिजस्टोन, मिशलिन अशा कंपन्यांत निवडीला भरपूर वाव आहे, पण कंपनीपेक्षा टायरचे मॉडेल आणि तयार झाल्याची तारीख यांकडे अधिक लक्ष द्यावे. एकच कंपनी जास्त टिकणारा, कमी आवाज करणारा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा असे वेगवेगळे टायर बनवते. मुंबईत चार महिने पाऊस आणि वर्षाला मोजकेच किलोमीटर असतील, तर पाच-दहा हजार किलोमीटर जास्त टिकण्याला काही अर्थ उरत नाही, कारण तेवढे चालण्याआधी टायरचे वय होणार आहे. तेव्हा ओल्या रस्त्यावरची पकड आधी विचारावी.

टायर बसवण्याआधी तारीख स्वतः वाचावी. सहा महिन्यांच्या आतला टायर उत्तम, वर्षभराचाही चालेल. त्याहून जुना असेल तर सवलत देऊ केली तरी नाकारावा. साइडवॉलवर आयएसआयची खूण आणि आयएस 15633 हा क्रमांक असल्याची खात्री करावी. बिलावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, कारण पुढे वॉरंटीसाठी तेच लागतात. टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांऐवजी 18 टक्के झाला आहे, तोही बिलात तपासावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातले जुने टायर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत. ते आतून किती मार खाल्लेले आहेत हे बाहेरून ओळखता येत नाही.

बसवताना

शक्यतो चारही टायर एकदम बदलावेत. दोनच घेता येत असतील, तर ते मागे लावून घ्यावेत. बरेच कारागीर नवे टायर पुढे लावतात आणि पुढे इंजिनाचा जोर असतो असे कारण देतात. ते ऐकून घ्यावे, पण मागेच लावायला सांगावे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर गाडी बहुधा आवरता येते. मागची चाके घसरली, तर गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही नवे घालावेत, बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे, आणि अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवा दाराच्या चौकटीवरील आकड्याप्रमाणे, टायर थंड असतानाच भरावी. नव्या टायरची पूर्ण पकड यायला थोडे अंतर चालावे लागते, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे आणि वळणावर वेग घेणे टाळावे. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

उतरवलेल्या टायरांचे दुकानदार थोडे पैसे देतो. भेगा पडलेला किंवा फुगा आलेला टायर त्याच्या हवाली करण्याआधी आपल्यासमोर साइडवॉल कापून घ्यावी, म्हणजे तो धुऊनपुसून दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागणार नाही.