आई-वडिलांना मदत किती लागते, हे रात्री ठरतं

पुण्या-नाशकात आई-वडील दोघंच, मुलं बंगळुरूला नाहीतर परदेशात. त्यातलं एक जण पडलं की घरात चर्चा सुरू होते ती थेट 'बाई ठेवायची की वृद्धाश्रम बघायचा' इथूनच. त्याआधी दोन दिवस त्यांच्याकडे मुक्काम करा आणि वही घेऊन बसा. फोनवर विचारू नका, 'आमचं छान चाललंय' याशिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही.

वहीत सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि हाताने जेवणं. प्रत्येकीपुढे 'एकट्याने', 'आधार देऊन' किंवा 'जमत नाही' असं नोंदवा. शेवटी रात्री किती वेळा उठतात ते लिहा. सगळा हिशेब या आकड्यावर फिरतो.

फक्त अंघोळ अडत असेल तर सकाळी दोन तास येणारी बाई आणि बाथरूमची दुरुस्ती एवढ्यावर भागतं. दोन-तीन कामं अडतात पण रात्री झोप लागते, तर दिवसाची बारा तासांची बाई पुरते. रात्री तीनदा उठवावं लागत असेल तर मात्र चोवीस तासांची एकच बाई ठेवणं ही हमखास होणारी चूक. माणूस आहे ती. दिवसभर काम करून रात्रीही जागी राहिली तर थोड्याच दिवसांत सोडून जाईल, नाहीतर हाक ऐकू येणार नाही इतकी गाढ झोपेल. अशा घरी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच लावा.

बाई पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलताना 'अटेंडंट की नर्स?' हे आधी विचारा. अंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं ही अटेंडंटची कामं. इंजेक्शन, नाकातली किंवा लघवीची नळी बदलणं ही नर्सची. पैसे वाचवायला ही कामं अटेंडंटकडून करून घेऊ नका. कमिशन किती, सुट्टीच्या दिवशी बदली बाई किती तासांत येणार आणि ती आली नाही तर पैसे कसे कापणार, हे लिहून घ्या. आधारची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करा. पहिले तीन दिवस घरचं कोणीतरी सोबत हवंच. उठवताना बाई काखेत हात घालून ओढते का ते बघा. त्याने खांदा दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरून उठवायला शिकवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. एअर बेड आहे म्हणून हे चुकवलं तर माकडहाडाजवळ जखम होऊ शकते.

आता बाथरूम. खर्च कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त, तरी नेमकं हेच राहून जातं. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा दांडा, भिंतीपासून सुमारे ४ सेंटिमीटर अंतरावर, जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटर उंचीवर बसवा. पण त्या माणसाला प्रत्यक्ष उभं करून, कोपर थोडं वाकेल अशी खूण करून घ्या. दांडे निखळण्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रूची लांबी असतं. टाइल आणि प्लास्टर मिळूनच दोन-तीन सेंटिमीटर जातात, त्यामुळे छोटा स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही. विटेत निदान ५ सेंटिमीटर जाईल असा अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) मागा. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीचा वेगळा अँकर येतो. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर टाइल तडकते. बसवून झाल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने पूर्ण भार टाकून बघावं. रबरी कपाने टाइलला नुसते चिकटणारे दांडे नकोत, आणि टॉवेलच्या दांडीला आधार समजू देऊ नका.

दार आत उघडत असेल तर पडलेला माणूस दाराला अडतो आणि बाहेरून उघडता येत नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या. तोवर आतली कडी काढून टाका आणि बाहेर 'आत आहे' अशी पाटी टांगा. कमोडवर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकावेत आणि गुडघे काटकोनात यावेत. अंघोळीचं स्टूल रबरी बुचांचं हवं आणि बादली वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर. गिझर ५० अंशांच्या वर नको. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर दिवा, आणि पायपुसणी उचलून टाका.

बरेचजण पलंगावरून झटकन उठल्यावर पडतात. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. गोळ्या परस्पर बंद करू नका.

पडल्यावर लगेच ओढून उभं करू नका. एक पाय आखूड दिसतो किंवा बाहेर वळलाय, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. न हलवता १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात नेऊन सीटी स्कॅनचं विचारा.

वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा बाग दाखवतील. तुम्ही संध्याकाळी जेवणाच्या वेळी, न सांगता जा आणि अंथरुणावरच्या लोकांची खोली बघा. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच ठेवतात आणि माणूस खिळला की 'घेऊन जा' म्हणतात. तो नियम आणि डिपॉझिट परत मिळण्याची अट कागदावर वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. वय ७० किंवा त्यापुढे असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. गावातलं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आधीच विचारून ठेवा. विसराळूपणा सुरू झाला असेल तर बँकेची कामं आताच मार्गी लावा, कारण माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र चालत नाही. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात हवेतच. पुढे मुलांनी सांभाळलं नाही, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दाद मागताना तेच कामी येतात. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करतात आणि पैसे उकळतात, त्या फसवणुकीला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असा प्रकार कायद्यात नाही, हे आई-वडिलांना दोनदा सांगा. यूपीआयला फक्त थोडी रक्कम असलेलं वेगळं खातं जोडा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

दुसरी किल्ली त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे द्या. आणि दवाखान्यातून घरी आल्यावर ती सहा कामांची वही नव्याने भरा. आठ दिवस पलंगावर काढलेल्या माणसाला मागच्या महिन्यातली बाई पुरेलच असं नाही.