शॉवरवरचा पांढरा थर लवकर काढण्यासाठी
शॉवरच्या जाळीवर क्षार साचले की नुसतं व्हिनेगर लावून घासण्यात फार वेळ जातो. असं करून बघा:

१. थर आधी जुन्या ब्रशने खरवडा. पृष्ठभाग खडबडीत झाला की आम्लाला काम करायला जास्त जागा मिळते.
२. व्हिनेगरमध्ये पाणी घालू नका. झाकण सैल करून बाटली गरम पाण्यात उभी ठेवा, कोमट होऊ द्या. थेट गॅसवर नको, वाफ नाकाला झोंबते.
३. जाळी या कोमट व्हिनेगरमध्ये बुडवा. छिद्रांतून बारीक बुडबुडे निघतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे मंदावले की हलवा. थर शिल्लक असूनही बुडबुडे येत नसतील, तर व्हिनेगर बदला. नुसती वाट बघून उपयोग नाही.

यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.